एफपीजीएमधला तयार पीसीआय एक्सप्रेस ब्लॉक म्हणजे काय? खोडदच्या दुर्बिणीवरून समजून घेऊ

फोनचा प्रोसेसर किती कोरचा, रॅम किती जीबी, हे आपण झोपेतून उठवलं तरी सांगू. पण आतल्या दोन चिप एकमेकींशी बोलतात कशा आणि किती वेगाने, हे सहसा कुणी विचारत नाही. कित्येकदा मशीनचा वेग नेमका तिथेच अडतो.

आज ज्या चिपची माहिती घ्यायची आहे तिच्यातलं सर्किट आपण स्वतः ठरवू शकतो. शिवाय संगणकाच्या बसला जोडण्याची सोय तिच्यात कारखान्यातूनच बसवून येते. ही सोय कधी कामाची आणि कधी असूनही उपयोगाची नाही, हे कळलं तर प्रोजेक्टसाठी बोर्ड घेताना पैसे वाया जाणार नाहीत.

मी पारनेरचा. आमच्या तालुक्याची पश्चिमेकडची हद्द जुन्नर तालुक्याला लागते, आणि तिथे नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी आहे. ह्या विषयाचं इतकं चांगलं उदाहरण इतक्या जवळ असताना परदेशातलं कशाला शोधायचं? म्हणून खोडदवरूनच समजून घेऊ.

एफपीजीए म्हणजे काय?

साध्या चिपमधलं सर्किट कारखान्यातच कायमचं ठरतं. एफपीजीएचं तसं नसतं. तिच्यात छोटे छोटे लॉजिक ब्लॉक आणि त्यांना जोडणाऱ्या तारांचं जाळं असतं. कोणता ब्लॉक कुणाला जोडायचा, हे आपण एका फाइलमधून सांगतो. ह्या फाइलला बिटस्ट्रीम म्हणतात. फाइल बदलली की सर्किट बदललं.

झायलिंक्स कंपनीने १९८५ मध्ये आणलेल्या एक्ससी२०६४ ह्या पहिल्या एफपीजीएमध्ये फक्त ६४ लॉजिक ब्लॉक होते. आज मोठ्या चिपमध्ये लाखो असतात. झायलिंक्स २०२२ पासून एएमडीच्या मालकीची आहे. फोनमध्येही एफपीजीए वापरली गेली आहे. २०१६ च्या आयफोन ७ मध्ये लॅटिस कंपनीची छोटी एफपीजीए होती.

प्रोसेसर सूचना एकामागून एक वाचत जातो. एफपीजीएमध्ये शेकडो गुणाकार खरोखर एकाच क्षणी चालू शकतात, कारण प्रत्येकासाठी वेगळं सर्किट असतं. त्यामुळे न थांबता येणारा डेटा झेलायला ती उत्तम.

आणि बस? एसटी नव्हे!

संगणकात प्रोसेसर, मेमरी आणि कार्डं यांच्यामध्ये डेटा नेणारा ठरलेला रस्ता म्हणजे बस. ठरलेला म्हणजे किती तारा, किती व्होल्टेज, कुणी कधी बोलायचं, सगळे नियम लिहिलेले.

इंटेलने १९९२ मध्ये आणलेली पीसीआय बस म्हणजे शेताकडे जाणारी पाणंद समजा. ३२ तारा, ३३ मेगाहर्ट्झ, सेकंदाला जास्तीत जास्त १३३ मेगाबाइट. आणि तेही सगळ्या कार्डांत वाटून. एक ट्रॅक्टर आत असेल तर दुसऱ्याने थांबायचं.

२००३ मध्ये पीसीआय एक्सप्रेस आली. इथे प्रत्येक कार्डाला स्वतःच्या वेगळ्या लेन मिळतात. पहिल्या पिढीत एका लेनवर एका दिशेला सेकंदाला २५० मेगाबाइट जातात, दुसऱ्या पिढीत ५००, आणि तिसऱ्या पिढीत साधारण ९८५. लेन एक, चार, आठ, सोळा अशा असू शकतात. लॅपटॉपमधली एनव्हीएमई एसएसडी ह्याच रस्त्याने बोलते. अनेक फोनमध्ये वाय-फायची चिपही मुख्य चिपला अशीच जोडलेली असते.

मग तयार ब्लॉक कशासाठी?

एफपीजीएमध्ये काहीही बनवता येतं, मग बसचं सर्किटही आपणच का बनवू नये? बनवता येतं. सुरुवातीला लोक तसंच करायचे. पण त्यात दोन अडचणी होत्या.

पहिली, जागा. बसचे नियम सांभाळणारं सर्किटच चिपचा मोठा भाग खाऊन टाकायचं. दुसरी, वेळ. ३३ मेगाहर्ट्झच्या पीसीआयमध्ये सिग्नल घड्याळाच्या ठोक्याच्या किमान ७ नॅनोसेकंद आधी पोचलेला असावा लागतो. ६६ मेगाहर्ट्झला हीच मुदत ३ नॅनोसेकंद होते. एफपीजीएच्या लांबलचक तारांच्या जाळ्यातून हे जमवताना त्या काळच्या इंजिनिअरांची दमछाक व्हायची. इकडे एक छोटा बदल केला की तिकडचं गणित बिघडायचं.

म्हणून १९९० च्या दशकाच्या शेवटी क्विकलॉजिकची क्विकपीसीआय आणि ल्युसेंटच्या ओर्का घराण्यातल्या काही चिप आल्या. त्यांच्या एका कोपऱ्यात पीसीआयचं सर्किट कारखान्यातच पक्कं कोरलेलं होतं आणि उरलेली जागा आपल्याला मोकळी. पुढे २००६ पासून आलेल्या झायलिंक्सच्या व्हर्टेक्स-५ मालिकेत पीसीआय एक्सप्रेसचा तयार ब्लॉक मिळू लागला. अशा पक्क्या भागाला हार्ड ब्लॉक म्हणतात, आणि आपण लॉजिकमधून बनवलेल्याला सॉफ्ट कोर.

आमच्याकडच्या भाषेत सांगायचं तर एफपीजीए म्हणजे शेत. ह्या हंगामात कांदा, पुढच्या हंगामात बाजरी, पीक तुम्ही ठरवा. हार्ड ब्लॉक म्हणजे त्या शेतातली बांधीव विहीर. पाणी आयतं मिळतं, पिकाची जागा जात नाही. पण विहीर उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेता येत नाही, आणि तिला पाणी आहे तेवढंच येणार.

खोडदला काय चालतं?

जीएमआरटी राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने उभारली. गोविंद स्वरूप यांनी ह्या कामाचं नेतृत्व केलं. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. १४ मधल्या भागात दाटीने, आणि बाकीच्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात लांबवर पसरलेल्या. प्रत्येक अँटेना दोन ध्रुवीकरणांचे दोन सिग्नल देते, म्हणजे एकूण ६०.

आधी ही दुर्बीण एका वेळी ३२ मेगाहर्ट्झचा पट्टा बघायची. सुधारणा झाल्यावर तो ४०० मेगाहर्ट्झपर्यंत गेला. आता हिशोब करून बघू.

४०० मेगाहर्ट्झचा पट्टा नीट टिपायला सेकंदाला दुप्पट, म्हणजे ८० कोटी नमुने घ्यावे लागतात. एक नमुना ८ बिटचा धरला तर एका सिग्नलचे सेकंदाला ८०० मेगाबाइट होतात. जुन्या पीसीआय बसच्या सहापट, आणि हा फक्त एक सिग्नल! साठ सिग्नलचे मिळून सेकंदाला ४८ गिगाबाइट.

व्हिडिओ अडकला तर आपण थांबतो, तो परत सुरू होतो. इथे तसं नाही. अँटेनावर आलेली लहर एकदाच येते. रस्ता अरुंद पडला तर तो डेटा कायमचा गेला. एखाद्या पल्सारचा स्पंद मिलीसेकंदांचा असतो. तो नेमका हरवलेल्या तुकड्यात असेल तर पुन्हा मागवता येत नाही. म्हणून इथे बसचा वेग हा विज्ञान होणार की नाही ह्याचा प्रश्न आहे.

खोडदच्या बोर्डवर पीसीआय एक्सप्रेस का नाही?

सुधारित दुर्बिणीच्या डिजिटल यंत्रणेत रोच नावाचे बोर्ड वापरले आहेत. कॅस्पर ह्या आंतरराष्ट्रीय गटात तयार झालेलं हे खुलं डिझाइन. त्यावर व्हर्टेक्स-५ मालिकेतली एसएक्स९५टी ही एफपीजीए आहे. हिच्यात गुणाकारासाठी ६४० खास ब्लॉक आहेत आणि पीसीआय एक्सप्रेसचा एक तयार ब्लॉकसुद्धा!

तरीही रोचवरून डेटा बाहेर जातो तो १० गिगाबिट इथरनेटने. विहीर आहे, पण पाणी पाइपलाइनने. असं का?

हिशोब बघा. एका रोचवर दोन एडीसी कार्डं बसतात, प्रत्येकावर दोन सिग्नल, म्हणजे एकूण चार. ८ बिटने धरलं तर सेकंदाला ३.२ गिगाबाइट. ह्या चिपचा तयार ब्लॉक पहिल्या पिढीचा, जास्तीत जास्त आठ लेनचा. म्हणजे कागदावर २ गिगाबाइट, प्रत्यक्षात त्याहून कमी, कारण प्रत्येक पॅकेटला पत्ता वगैरेचा भार असतो. रोचवर १० गिगाबिटचे चार पोर्ट आहेत. चारही मिळून कागदावर ५ गिगाबाइट.

दुसरं कारण त्याहून मोठं आहे. पीसीआय एक्सप्रेसने बोर्ड एका संगणकाला बांधला जातो. पण रेडिओ दुर्बिणीत प्रत्येक अँटेनाचा सिग्नल बाकी प्रत्येकीशी जुळवून बघावा लागतो. ३० अँटेनांच्या जोड्या होतात ४३५. एका संगणकात कोंडलेला डेटा काय कामाचा? इथरनेटने तो स्विचमधून हव्या त्या संगणकाकडे पाठवता येतो.

तिसरं म्हणजे पाय. ह्या चिपला वेगवान सिरीयल जोडण्या १६. एका १० गिगाबिट पोर्टला चार लागतात. चार पोर्ट म्हणजे सोळाच्या सोळा संपल्या. तयार ब्लॉक आत असला तरी त्याला बाहेर यायला दारच उरलं नाही.

पण पीसीआय एक्सप्रेस खोडदमधून गायब झाली, असं समजू नका. डेटा ज्या संगणकांकडे जातो तिथे नेटवर्क कार्ड पीसीआय एक्सप्रेसच्याच स्लॉटमध्ये असतं, आणि जुळवणीचं गणित करणारं ग्राफिक्स कार्डही. दोन खोल्यांमधलं अंतर इथरनेटने, संगणकाच्या पेटीच्या आतलं अंतर बसने. ज्याचं काम त्याला.

तयार ब्लॉकच्या अटी

आता समजा तुमच्या प्रोजेक्टला हा ब्लॉक खरंच हवा आहे. तीन गोष्टी आधी माहीत हव्यात.

पहिली, चालू होण्याची वेळ. बहुतेक एफपीजीए वीज गेली की कोऱ्या होतात. वीज आली की बिटस्ट्रीम पुन्हा भरावी लागते. पण नियमाप्रमाणे वीज स्थिर झाल्यावर साधारण १२० मिलीसेकंदांत कार्ड बोलायला तयार हवं. एसएक्स९५टीची बिटस्ट्रीम साधारण साडेतीन कोटी बिटची आहे. ५० मेगाहर्ट्झने एकेक बिट भरली तर ७०० मिलीसेकंद लागतात. तोवर संगणकाने हजेरी घेऊन झालेली असते आणि कार्ड गैरहजर! आठ-आठ बिट भरले तर ९० मिलीसेकंदांत काम होतं. नव्या चिपमध्ये आधी फक्त बसचा भाग भरून बाकीचं नंतर भरायचीही सोय असते. कार्ड पहिल्यांदा दिसत नाही पण संगणक रीस्टार्ट केल्यावर दिसतं, असं झालं तर आधी इथे शंका घ्या.

दुसरी, पिढी. तयार ब्लॉक ज्या पिढीचा आहे तिथेच राहतो. सॉफ्टवेअर अपडेटने दुसऱ्या पिढीचा तिसऱ्या पिढीचा होत नाही.

तिसरी, विश्वास. बसवर बसलेलं कार्ड प्रोसेसरला न विचारता संगणकाची मेमरी वाचू शकतं. ह्याला डीएमए म्हणतात. वेग त्यामुळेच मिळतो, आणि धोकाही त्यामुळेच. पीसी गेममध्ये चीटिंगसाठी अशी एफपीजीए कार्डं वापरली जातात, हे गेमर मंडळींना माहीत असेल. बचावासाठी आयओएमएमयू नावाची व्यवस्था असते, ती बायोसमध्ये चालू ठेवा. अनोळखी माणसाकडून आलेलं कार्ड स्वतःच्या संगणकात घालू नका.

बोर्ड घेताना काय बघायचं?

इथेच विद्यार्थ्यांचे पैसे अडकतात, म्हणून नीट वाचा.

- फक्त चिपच्या मालिकेचं नाव बघू नका. आर्टिक्स-७ मालिकेत पीसीआय एक्सप्रेसचा ब्लॉक आहे. पण लोकप्रिय आर्टी ए७ बोर्डवर ती चिप ज्या पॅकेजमध्ये येते, त्यात वेगवान जोडण्यांचे पाय बाहेर काढलेलेच नाहीत. ब्लॉक आत, उपयोग शून्य.
- झिंक-७००० घेताना नंबर तपासा. ७०१० आणि ७०२० मध्ये हा ब्लॉक नाही, ७०१५ आणि ७०३० मध्ये आहे. पिंक-झेड२ बोर्डवर ७०२० असते.
- बोर्डला स्लॉटमध्ये बसणारी सोनेरी कड आहे का बघा. किंवा एम.२ जोडणी. दोन्ही नसेल तर प्रश्नच मिटला.
- आधी डेटाचा हिशोब करा. सेकंदाला किती नमुने, गुणिले एका नमुन्याचे बाइट. उत्तर काही मेगाबाइट आलं तर यूएसबी किंवा साधं इथरनेट पुरतं. शेकडो मेगाबाइट आलं आणि डेटा एकाच संगणकात न्यायचा असेल, तर तयार पीसीआय एक्सप्रेस ब्लॉक घ्या. अनेक संगणकांना वाटायचा असेल तर खोडदसारखं वेगवान इथरनेट.

माझ्या मते शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. हा गुणाकार कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांत होतो आणि हजारो रुपये वाचवतो.

थोडक्यात

एफपीजीए आपल्याला हवं ते सर्किट देते. तयार बस ब्लॉक तिला संगणकापर्यंत पक्का रस्ता देतो आणि आपली लॉजिकची जागा वाचवतो. पण तो रस्ता एकाच घरी जातो, त्याची रुंदी ठरलेली असते, आणि चिपच्या पायांपर्यंत तो पोचलेला असावा लागतो.

हे सगळं जिथे चालतं ती जागा बघायची असेल तर २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला विज्ञान प्रदर्शन भरतं, तेव्हा जा. फक्त अँटेनाजवळ फोन बंद ठेवा. ही दुर्बीण साधारण १२० ते १४५० मेगाहर्ट्झच्या पसाऱ्यात ऐकते, आणि ५जीचा ७०० मेगाहर्ट्झचा बँड त्यातच येतो. लाखो वर्षं प्रवास करून आलेल्या क्षीण लहरीसमोर आपल्या खिशातला फोन म्हणजे कानाशी वाजणारा डीजेच.