सप्तमी विभक्ती, युक्रेनी

युक्रेनी भाषेतील सात विभक्तींपैकी स्थान दाखवणारी विभक्ती. युक्रेनी नाव ‘मिस्त्सेवी विद्मीनोक’. तेथील व्याकरणांत तिचा क्रम सहावा असून सातवी विभक्ती संबोधनाची आहे. ही विभक्ती कधीच एकटी येत नाही. नामाआधी उ (किंवा व), ना, ओ, पो, प्री यांपैकी एखादे अव्यय लागतेच. जुन्या पूर्व स्लाव्ह बखरींत मात्र ‘कीवमध्ये’ या अर्थी नुसते विभक्तिरूपही आढळते. अव्ययाची सक्ती पुढच्या काळातली. मेलेटी स्मोत्रित्स्की यांच्या १६१९ च्या चर्च-स्लाव्हॉनिक व्याकरणात तिला स्वतंत्र विभक्तीचे स्थान मिळाले.

रूपसिद्धी : एकवचनात ‘-ई’ हा प्रमुख प्रत्यय : श्कोला (शाळा), उ श्कोली. त्यापूर्वी क, ह, ख ही व्यंजने अनुक्रमे त्स, ज़, स होतात : रुका (हात), ना रुत्सी, नोहा (पाय), ना नोज़ी, मूखा (माशी), ना मूसी. हा बदल प्राचीन स्लाव्ह काळातला. शेजारच्या रशियनने नामरूपांतून तो पुसून टाकला, युक्रेनीने जपला. व्यंजनान्त अक्षरातला ई, प्रत्ययामुळे अक्षर मोकळे झाले की, अनेक शब्दांत ओ किंवा ए होतो : ल्वीव, उ ल्वोवी, स्तील (टेबल), ना स्तोली. शहरांची नावे शिकताना हा नियम प्रथम पाठ करावा. क-प्रत्ययान्त पुल्लिंगी नामे व काही एकाक्षरी नामे ‘-ऊ’ घेतात; दुसऱ्या गटात आघात प्रत्ययावर जातो : साद (बाग), उ सादू. व्यक्तिवाचक पुल्लिंगी नामांना ‘-ओवी’, ‘-एवी’ हे प्रत्ययही लागतात : बात्को (वडील), ना बात्कोवी.

अनेकवचन सोपे आहे : सर्व लिंगांत ‘-आख’ किंवा ‘-याख’. संस्कृत सप्तमीच्या बहुवचनातील ‘-सु’ (लतासु) आणि हा प्रत्यय एकाच इंडो-युरोपीय मुळातून आले आहेत.

विशेषणे : पुल्लिंगी व नपुंसकलिंगी ‘-ओमू’ किंवा ‘-ईम’, स्त्रीलिंगी ‘-ईय’.

प्रयोग : उ, व आणि ना ही अव्यये द्वितीयेबरोबरही येतात, आणि भेद फक्त नामाच्या रूपावरून कळतो. ‘ना स्तील’ म्हणजे टेबलावर (ठेवणे), ‘ना स्तोली’ म्हणजे टेबलावर (असणे). मराठीभाषकांची अडचण इथेच आहे. ‘शाळेत जातो’ आणि ‘शाळेत आहे’ या दोन्हींत मराठी एकच ‘शाळेत’ वापरते; युक्रेनीत गती असेल तर ‘व श्कोलू’ किंवा षष्ठीसह ‘दो श्कोली’, स्थिती असेल तर ‘व श्कोली’. म्हणून क्रियापदासह संपूर्ण वाक्यांचा सराव करणे, सुटी रूपे घोकण्यापेक्षा, अधिक उपयोगी ठरते. ‘दो श्कोली’मधला अखेरचा स्वर ‘व श्कोली’मधल्यापेक्षा मागे सरकलेला असतो, देवनागरीत हा फरक दिसत नाही, कानानेच शिकावा लागतो.

काल : घड्याळी वेळेसाठी ओ, महिन्यासाठी उ किंवा व.

देशनाम : ‘युक्रेनमध्ये’ या अर्थी ‘ना’ व ‘व’ दोन्ही अव्यये जुन्या साहित्यात आढळतात. त्यांच्या इतिहासाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. १९९१ च्या स्वातंत्र्यानंतर प्रमाण युक्रेनीत ‘व’ (स्वरानुरूप ‘उ’) रूढ झाले.