सर्पगंधा : एका मुळीची साक्ष

१५६३ साली गोव्यातील छापखान्यातून पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांचा भारतीय औषधींवरील संवादग्रंथ प्रसिद्ध झाला. सर्पविषावर उतारा म्हणून सिंहलद्वीपात वापरल्या जाणाऱ्या काही वनस्पतींचे वर्णन त्यात आहे. नागाशी झुंजणारे मुंगूस अशी मुळी चावते, ही लोकसमजूतही ओर्तांनी नोंदविली आहे. त्यांतील एक वनस्पती म्हणजे आपली सर्पगंधा होय, असे पुढील अभ्यासकांनी मानले.

सर्पविषावरील उतारा म्हणून या मुळीची कीर्ती मोठी; परंतु तिचे खरे सामर्थ्य निराळेच होते. उन्माद व निद्रानाश यांवर ती देण्याची चाल बंगाल-बिहारकडे रूढ होती. हा अनुभव वैद्यकाच्या नियतकालिकात मांडण्याचे काम कलकत्त्याचे कविराज गणनाथ सेन व डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली केले. उन्मादाबरोबरच वाढलेला रक्तदाबही या मुळीने उतरतो, हे त्यांनी सांगितले. त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी मुळीतून अल्कलॉइडे वेगळी केली आणि हकीम अजमलखानांच्या स्मरणार्थ त्यांतील एकास 'अजमलिन' हे नाव दिले. १९३३ मध्ये रामनाथ चोप्रा यांच्या प्रयोगांनी रक्तदाबावरील परिणामास पुष्टी मिळाली.

तरीही जगाचे लक्ष वेधले गेले ते मुंबईमुळे. हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील आपली निरीक्षणे १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या संशोधकांनी मुळीतील 'रेसर्पिन' हे द्रव्य वेगळे केले. पुढे दोनच वर्षांनी अमेरिकेत नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवरील त्याच्या वापराचे निष्कर्ष मांडले. १९५७ च्या लास्कर पुरस्काराच्या मानकऱ्यांत वकील आणि क्लाइन या दोघांचीही नावे आहेत.

अभिमानाने सांगण्याची कथा बहुधा येथे थांबते. आम्हांस मात्र तिचा उत्तरार्ध अधिक मोलाचा वाटतो. रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांना, विशेषतः मात्रा मोठी असता, खोल विषण्णतेने ग्रासल्याच्या नोंदी होऊ लागल्या. मज्जातंतूंच्या टोकांशी साठलेली नॉरएड्रिनॅलिन, डोपामिन, सेरोटोनिन ही द्रव्ये रेसर्पिनमुळे रिकामी होतात, हे प्रयोगांतून उलगडले. नवी औषधे आली आणि रेसर्पिन मागे पडले. परंतु ह्याच दोषाने एक दार उघडले. रेसर्पिनने निश्चल झालेले प्राणी एल-डोपा देताच हालचाल करू लागतात, असे स्वीडनच्या आर्व्हिद कार्लसन यांनी १९५७ मध्ये दाखविले. कंपवाताच्या आधुनिक उपचाराची वाट तेथून निघाली. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. अजमलिनही विस्मरणात गेले नाही. हृदयाच्या तालातील ब्रुगाडा नावाचा दोष ओळखण्याच्या चाचणीत ते आजही वापरले जाते.

वनौषधी म्हणजे निर्धोक, ही समजूत आपल्या घराघरांत आहे. सर्पगंधेची साक्ष तिच्या विरुद्ध जाते. ज्या द्रव्यात गुण करण्याची शक्ती आहे, त्यात अपाय करण्याचीही असते. मात्रा, रुग्ण आणि काळ यांचा विचार जुन्या वैद्यांनी सांगितला तो उगीच नव्हे. शिवाय येथे औषध मुळीतच असल्याने ती खणली की झाडही जाते. वारेमाप खणतीमुळे या वनस्पतीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९० पासून निर्बंध आहेत.

सर्पगंधेचा दाखला देऊन आयुर्वेदाचा गौरव करणाऱ्यांत आम्हीही आहोत. मात्र सेन, चोप्रा, वकील यांनी परंपरेचा मान राखला तो तिची परीक्षा घेऊन. तीच कसोटी उरलेल्या शेकडो वनस्पतींना लावण्याचे कष्ट न घेता केवळ या एका मुळीच्या यशावर सर्वांची हमी देणे, हा त्या परंपरेचाच अवमान ठरेल.