सेटएन्फोर्स शून्य: बंद केलेल्या पहारेकऱ्याची गोष्ट

सर्व्हरवर सॉफ्टवेअर टाकायचं गाईड उघडलं की बऱ्याचदा सुरुवातीलाच लिहिलेलं असतं, 'सेटएन्फोर्स ०' मारा. म्हणजे एसईलिनक्सला सांगायचं, बाबा रे, अडवू नकोस, फक्त लॉगमध्ये लिहून ठेव. मी सर्व्हर सांभाळते, आणि ही ओळ मला दर वेळी खटकते. ती आली कुठून, ते आज बघू.

साध्या लिनक्समध्ये फाइल ज्याची, परवानगी त्याची. आणि रूट तर सगळ्यांचा बाप! मँडेटरी ॲक्सेस कंट्रोलमध्ये असं चालत नाही. नियम सिस्टिमचा, आणि तो मालकालाही लागू, रूटलाही. कल्पना लष्करी आहे. १९७३ मध्ये अमेरिकेत बेल आणि लापाडुला यांनी ती गणितात मांडली. १९८३ मध्ये तिथल्या संरक्षण खात्याचं 'ऑरेंज बुक' आलं (कव्हर नारिंगी, म्हणून नाव; सरकारी कल्पकता!) आणि वरच्या दर्जाच्या सिस्टिमला हे बंधनकारक झालं.

पुढे डिसेंबर २००० मध्ये एनएसएने, हो, त्याच गुप्तहेर संस्थेने, एसईलिनक्सचा कोड सगळ्यांसाठी खुला केला. पण लिनस टोरवाल्ड्सने तो थेट कर्नलमध्ये घेतला नाही. त्याचं म्हणणं, कुठलंही सिक्युरिटी मॉड्यूल बसेल असा सांगाडा आधी करा. त्यातून एलएसएम तयार झालं, आणि २००३ च्या २.६ कर्नलमध्ये एसईलिनक्स आत आलं.

खरी परीक्षा २००४ ची. फेडोरा कोअर २ मध्ये पॉलिसी इतकी कडक होती, की एसईलिनक्स बाय डिफॉल्ट बंदच ठेवावं लागलं. त्याच वर्षी फेडोरा कोअर ३ मध्ये 'टार्गेटेड' पॉलिसी आली: नेटवर्कला तोंड देणाऱ्या मोजक्या सर्व्हिसेसवर पहारा, बाकीच्यांना मोकळीक. सुरक्षावाल्यांना ही माघार वाटू शकते. माझ्या मते एसईलिनक्स तगलं ते याच माघारीमुळे.

तरी गाईडमधली ती ओळ गेली नाही. कारण साधं आहे. होम फोल्डरमधलं वेबपेज 'एमव्ही'ने वेबसर्व्हरच्या फोल्डरमध्ये हलवलं, की त्याचं जुनं लेबलही सोबत येतं. परमिशन्स अगदी ७७७ दिल्या तरी अपाची म्हणतं, फॉरबिडन. माणूस वैतागतो आणि पहारेकऱ्यालाच घरी पाठवतो. खरं तर 'रिस्टोअरकॉन' एकदा चालवलं की लेबल जागेवर येतं. ॲपला वेगळा पोर्ट हवा असेल तर 'सेमॅनेज'ने त्याची नोंद करायची. वेबसर्व्हरला बाहेर कनेक्शन करायचं असेल तर एक बूलियन चालू करायचा. आणि नेमकं काय अडलं, ते ऑडिट लॉगमध्ये असतंच.

बंद ठेवल्याने काय जातं? फेब्रुवारी २०१९ मध्ये रन-सी मध्ये एक भोक सापडलं. कंटेनरमधला रूट थेट होस्टचा ताबा घेऊ शकत होता. रेड हॅटच्या ज्या सर्व्हरवर एसईलिनक्स एन्फोर्सिंग होतं, तिथे पॅच यायच्या आधीच हा हल्ला अडत होता. ज्यांनी इन्स्टॉलच्या दिवशी ती ओळ मारली होती, त्यांना हे कवच नव्हतं.

आणि हो, तुम्ही हे ज्यावर ऐकताय तो फोन अँड्रॉइड असेल, तर २०१४ च्या ५.० व्हर्जनपासून एसईलिनक्स त्यात पूर्ण एन्फोर्सिंग आहे. ते बंद करायचं बटण सेटिंग्जमध्ये शोधू नका, दिलेलंच नाहीये.