जुन्या मोटारसायकलीला नवा टायर : आकडे कसे जुळवावेत?

इंद्रवेल्ली-उतनूर भागात शेत, बाजार आणि पुष्यातील केसलापूरची नागोबा जत्रा या साऱ्यांसाठी दुचाकीचाच आधार असतो. गाडीवर दोन माणसे आणि वर एखादे पोते असे ओझे असेल, तर ‘चालून जाईल’ म्हणून बसवलेला टायर घाटात घात करू शकतो.

जुन्या टायरवर २.७५-१८ असे लिहिलेले असते. पहिला आकडा टायरची इंचांतील रुंदी, दुसरा रिमचा इंचांतील व्यास. येथे उंची वेगळी दिलेली नसते. ती साधारण रुंदीइतकीच धरतात. नव्या ८०/१००-१८ या पद्धतीत ८० ही मिलिमीटरमधील रुंदी, तर १०० म्हणजे उंची रुंदीच्या शंभर टक्के. रिमचा आकडा मात्र दोन्हींत इंचांतच राहतो आणि त्यात तडजोड नाही. १८च्या रिमवर १७चा टायर बसत नाही.

पूर्वी २.७५-१८वर धावणारी स्प्लेंडर आता ८०/१००-१८वर येते. साध्या हिशेबाने या टायरचा व्यास सुमारे २० मिमीने वाढतो. प्रत्यक्षात फरक कमी असतो, कारण इंची टायर रुंदीपेक्षा थोडा उंचच असतो. तरीही मडगार्ड आणि साखळीपासूनचे अंतर हाताने तपासावे. ८०/९०-१८ हा हिशेबाने अधिक जवळचा. आरएक्स १००च्या मागच्या चाकालाही हेच लागू. पुढचे मात्र २.५०-१८, तेथे ८०चा टायर कोंबू नये. जुन्या बुलेटच्या ३.२५-१९साठी ९०/९०-१९ जवळपास त्याच उंचीचा आहे.

दुकानात बहुधा कोणी विचारत नाही ती गोष्ट भाराची. आकारानंतरच्या ‘४२पी’मध्ये ४२ म्हणजे त्या टायरची १५० किलोची क्षमता, पी म्हणजे ताशी १५० किमीची वेगमर्यादा. ४७ला १७५ किलो. पोती वाहणाऱ्याने मूळ आकड्यापेक्षा खालचा टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. आऱ्यांच्या चाकात ट्यूब हवीच. कडेवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने असावा.

चार अंकी शिक्काही पाहावा : ३२२४ म्हणजे २०२४चा बत्तिसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी वर्षानुवर्षे पडून राहिलेले रबर कडक होते. नक्षीची खोली ०.८ मिमीच्या खाली गेलेला टायर दुचाकीवर वापरणे केंद्रीय मोटार वाहन नियमांत बसत नाही.