केडगावची वाट



आमच्या गावात केडगाव म्हटलं की सगळ्यांना नगर शहराला लागून असलेलं केडगाव आठवतं. त्यामुळे चर्चच्या तरुण संघाने ‘केडगावला सेवेला जायचं, येताना थोडं फिरायचं’ असं ठरवलं, तेव्हा मुलींच्या आयांनी लगेच होकार दिला. सकाळी गेलेल्या पोरी दिवेलागणीला घरी येतील, असा त्यांचा समज. नंतर कळलं, की हे केडगाव पुणे जिल्ह्यातलं, दौंड तालुक्यातलं. पंडिता रमाबाईंचं केडगाव. अंतर शंभर किलोमीटरच्या पुढे आणि एका रात्रीचा मुक्काम. झालं, सगळे होकार एका दिवसात माघारी फिरले.

मग पाळकसाहेब आमच्या बचत गटाकडे आले. म्हणाले, “गटातल्या चार बाया सोबत आल्या तर मुलींना घरून सोडतील.”

आमच्या गटात निम्म्या बाया चर्चला जाणाऱ्या, निम्म्या देवळात जाणाऱ्या, आणि एक भाभी. विषय मासिक बैठकीत निघाला तेव्हा एक काकू म्हणाल्या, “आपण कशाला मधे पडायचं? उद्या लोक म्हणतील, बाया बाटवायला नेल्या.” चर्चला जाणाऱ्या बाया गप्प झाल्या. वर्षानुवर्षं एका सतरंजीवर बसून पैसे मोजणाऱ्या आम्ही, पण त्या दिवशी सतरंजीच्या मधोमध रेघ ओढल्यासारखं झालं.

त्याच बैठकीत दुसरा विषयही अडकला होता. नवऱ्याने टाकून दिलेली आमची एक सभासद, वय सत्तावीस. पिको-फॉलच्या मशीनसाठी तिने पंधरा हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं होतं. “माहेरी राहते, मागे कोणी नाही. हप्ते थकले तर कोणाच्या दारात जायचं?” असं म्हणून आम्ही तिचा अर्ज तीन महिने पुढे ढकलत होतो. त्याही दिवशी ढकलला.

शेवटी काकूच म्हणाल्या, “पाहून तर येऊ. पाहायला काय जातंय?” आम्ही चौघी निघालो. काकू निघाल्या, ती अर्जवाली निघाली. एक टेम्पो ट्रॅव्हलर ठरवली. तरुण संघाची बारा मुलं-मुली, ज्वारीची दोन पोती, साबण, चादरी, आणि आमच्या भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. आमच्यापैकी जिने बी.ए.ला इतिहास घेतला होता, तिच्यावर गाडीत माहिती सांगायचं काम आलं. ते आज तुम्हाला सांगतो.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बाईने संस्कृत शिकू नये असा तो काळ, पण त्यांनी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं. त्यासाठी लोकांचा रोष घेतला. आईने मग रमाबाईंना शिकवलं. हे कुटुंब तीर्थयात्रा करत, देवळात पुराण सांगत देशभर पायी फिरायचं. म्हणजे रमाबाईंचं बालपण घरात कमी आणि वाटेवर जास्त गेलं.

मग १८७० नंतरच्या दशकात दुष्काळ पडला. पुराण ऐकून शिधा देणाऱ्यांच्याच घरात दाणा नव्हता. त्या हालात वडील गेले, आई गेली, मोठी बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास दोघं उरले. उपाशीतापाशी हजारो मैल चालत ती भावंडं १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी वीस वर्षांच्या या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे भाऊ वारला. रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी जातीबाहेर लग्न केलं. मुलगी झाली, मनोरमा. ती वर्षाची व्हायच्या आत नवरा पटकीने गेला. चोविसाव्या वर्षाच्या आत आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा सगळे गेलेले, पदरात तान्ही पोर. गाडीत एवढं सांगून झालं तेव्हा दौंड आलं होतं. मागच्या सीटवरचा गाण्यांचा आवाज कधी बंद झाला ते कळलं नाही.

१८८२ मध्ये रमाबाई पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज काढला. त्याच वर्षी सरकारच्या हंटर आयोगापुढे साक्ष देताना, बायकांसाठी बाईच डॉक्टर हवी आणि मुलींना शिकवायला बाईच शिक्षिका हवी, अशी त्यांनी मागणी केली. पुढच्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथेच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. अमेरिकेत फिरून, व्याख्यानं देऊन, पुस्तक लिहून त्यांनी पैसा उभा केला. परत आल्यावर ११ मार्च १८८९ ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं. पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं.

इथे काकूंनी आपला प्रश्न पुन्हा काढला, “म्हणजे मुलींना बाटवलं का नाही?”

मैत्रिणींनो, हा प्रश्न टाळून हा इतिहास सांगता येत नाही. धर्माच्या बाबतीत कोणावर सक्ती करणार नाही, असा शारदा सदनाचा शब्द होता. पण काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या आणि १८९३ मध्ये पुण्यात वादळ उठलं. ‘केसरी’ने कडक टीका केली. सल्लागार मंडळातले रानडे, भांडारकर यांच्यासारखे जाणते लोक बाहेर पडले. अनेकांनी आपल्या मुली काढून नेल्या. सदनातल्या काही मुली ख्रिस्ती झाल्या, हे खरं आहे. पण त्याच सदनातली विद्यार्थिनी गोदूबाई, बालविधवा, तिथे शिकली आणि हिंदूच राहिली. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये तिच्याशी पुनर्विवाह केला. तीच बाया कर्वे. पुढे कर्व्यांनी हिंगण्याला विधवांसाठी आश्रम चालवला, तेव्हा या बायाने त्यासाठी दारोदार देणग्या गोळा केल्या. ज्या बाईला एका आश्रमाने उभं केलं, तिने दुसऱ्या आश्रमाला हात दिला. हेही तितकंच खरं आहे.

काकू काही बोलल्या नाहीत. पण खिडकीतून बाहेर बघायच्या थांबल्या.

केडगावची गोष्ट त्यानंतरची. रमाबाईंनी तिथे रेल्वे स्टेशनजवळ जमीन घेऊन ठेवली होती. १८९६ च्या शेवटी मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याच्या बातम्या आल्या. रमाबाईंना आपली भूक आठवली. त्या उठल्या आणि तिकडे गेल्या. दुष्काळी छावण्यांत पोरक्या मुलींचे काय हाल होतात, कोण कोणत्या नजरेने त्यांना न्यायला येतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. तिथून त्यांनी सुमारे ३०० मुली आणि बाया आणल्या. हाडांचे सापळे, डोक्यात उवा, अंगावर फोड. त्यात १८९७ मध्ये पुण्यात प्लेग. याच प्लेगमध्ये रोग्यांची सेवा करताना १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या. शहरात एवढ्या मुली ठेवायची सोय राहिली नाही. तेव्हा रमाबाईंनी त्यांना केडगावच्या मोकळ्या रानात आणलं. आधी झोपड्या आणि राहुट्या, मग विहिरी, मग इमारती. असं मुक्ती सदन उभं राहिलं.

आम्हाला खरं कौतुक वाटलं ते पुढच्या गोष्टीचं. रमाबाईंनी त्या मुलींना नुसतं जेवू घालून बसवून ठेवलं नाही. लिहायला-वाचायला शिकवलं आणि प्रत्येकीच्या हाताला काम दिलं. शेती, गोठा, हातमाग, तेलाचा घाणा, शिवण, छापखाना. खिळे जुळवण्यापासून छापण्यापर्यंतचं काम बायका करायच्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबलचं भाषांतर केलं. त्याचे खिळेही मुक्तीतल्या बायकांनीच जुळवले. आंधळ्या मुलींसाठी बार्तिमी सदन, फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन, म्हाताऱ्या-दुबळ्यांसाठी प्रीती सदन. गावाने ज्यांना नको म्हटलं, त्यांच्या नावाने एकेक घर.

१९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला. या वेळी मुक्तीतल्या बाया तिकडच्या मुलींना आणायला गेल्या. लोकसंख्या वाढून जवळजवळ २,००० वर गेली. एवढ्यांना न्हाऊ घालायला, औषध लावायला, मुळाक्षरं गिरवून घ्यायला पगारी माणसं कुठून आणणार? तीन वर्षांपूर्वी ज्या पोरी स्वतः सापळ्यासारख्या आल्या होत्या, त्यांनीच नव्या आलेल्यांना सांभाळलं. ज्यांची सेवा झाली, त्या सेवेला उभ्या राहिल्या.

५ एप्रिल १९२२ ला रमाबाई केडगावलाच गेल्या. मनोरमा त्यांच्या आदल्या वर्षीच वारली होती. पण संस्था थांबली नाही. आजही तिथे निराधार स्त्रिया आणि मुलं राहतात.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. मुलांनी अंगण झाडायला घेतलं, मुलींनी चादरींच्या घड्या घातल्या. आम्ही ज्वारी निवडायला बसलो. तरुण संघातला एक मुलगा उत्साहाने सूप घेऊन पाखडायला लागला आणि निम्मी ज्वारी जमिनीवर. तिथल्या एक आजी हसत आल्या. “अरे बाळा, सूप असं धरतात का?” त्यांनी त्याच्या हातातून सूप घेतलं आणि दोनदा झटकलं. कचरा पुढे, दाणे मागे. मग त्याच्यामागे उभं राहून त्याचे मनगट धरून त्याला शिकवलं. त्याला पाखडायला येईपर्यंत आजींनी त्याला सोडलं नाही. आम्ही चौघी एकमेकींकडे बघत होतो. सेवा करायला आलो कोण, आणि करत होतं कोण!

आमची अर्जवाली मैत्रीण त्या आजींशेजारी बराच वेळ बसली. दोघी काय बोलल्या ते आम्ही विचारलं नाही.

रात्री ओळखीच्या एका मंडळीच्या सभागृहात मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी यवतजवळच्या भुलेश्वरला गेलो. डोंगरावरचं यादवकाळातलं शंकराचं मंदिर. काळ्या दगडावर दागिन्यासारखं कोरीव काम, पुष्कळ मूर्ती भंगलेल्या, तरी नजर हटत नाही. तिथे स्त्रीरूपातला गणपती आहे. चर्चच्या मुली तो बघून थबकल्या. “काकू, ही बाई गणपती?” त्यांनी विचारलं, आणि काकूंनी पदर सावरून त्यांना सगळं मंदिर हिंडून दाखवलं. पायऱ्यांवर टेकलो तेव्हा आम्हाला वाटलं, अशाच कुठल्यातरी देवळाच्या पायरीवर लहानगी रमा आईजवळ श्लोक पाठ करत बसत असेल. केडगाव आणि भुलेश्वर आम्हाला दोन दिशांना वाटत होते. ती बाई मात्र या दोन्ही वाटा एकाच आयुष्यात चालून गेली होती.

घरी आल्यावर सगळं गोड झालं असं सांगणार नाही. गावात कुजबुज झालीच. एका मुलीच्या भावाने तिला ‘आता पुन्हा कुठे जायचं नाही’ असं बजावलं. काकूंच्या घरीही प्रश्न विचारले गेले. काकूंचं उत्तर असं, “मी जशी गेले तशीच आले. फक्त ज्वारी पाखडून आले.”

पुढच्या बैठकीत पंधरा हजारांचा अर्ज पुन्हा समोर आला. कोणीतरी नेहमीचं वाक्य बोललं, हप्ते थकले तर? तेव्हा काकू म्हणाल्या, “रमाबाईंनी ३०० मुली आणल्या तेव्हा त्यांच्या मागे कोण होतं? आपल्याला एकीची हमी घेता येत नाही?” दोघींनी तरीही विरोध केला आणि तो आम्ही नोंदवहीत लिहिला. बाकीच्यांच्या सह्यांनी कर्ज मंजूर झालं.

आजवर चार हप्ते आलेत. एक हप्ता दहा दिवस उशिरा आला. त्या दहा दिवसांत आमच्या पोटातही गोळा होता, खोटं कशाला सांगा. पण परवा तिच्याकडे तरुण संघातल्या दोन मुली पिको शिकायला बसलेल्या दिसल्या. त्यातली एक, जिला भावाने बजावलं होतं तीच. फी विचारली तर आमची मैत्रीण म्हणाली, “यांच्याकडून काय घ्यायचं? शिकल्या की दुसरीला शिकवतील.”

मैत्रिणींनो, तुमच्याही गटाच्या नोंदवहीत असा एखादा पुढे ढकललेला अर्ज असेल. या महिन्याच्या बैठकीत तो एकदा काढून वाचा. आज इथेच थांबतो. नमस्कार.