शेरगील, अमृता
(३० जानेवारी १९१३ – ५ डिसेंबर १९४१). आधुनिक भारतीय चित्रकर्ती. जन्म बुडापेस्ट येथे, कलाशिक्षण पॅरिसमध्ये. तेथील ‘यंग गर्ल्स’ (१९३२) या तैलचित्रात अंगकांती, वस्त्रांचा पोत व छायाप्रकाश वास्तववादी शिस्तीने रंगवले आहेत. १९३४ अखेर त्या भारतात परतल्या. अजिंठ्याची भित्तिचित्रे आणि दक्षिणेचा प्रवास यांनंतर त्यांची शैली पालटली. ‘ब्रह्मचारी’ (१९३७) मध्ये तपशील गळाले, बाह्यरेषा ठाम झाल्या. सावळी शरीरे आणि पांढरी धोतरे सपाट, मोठ्या रंगक्षेत्रांत मांडली गेली. चेहरे मोजक्या फटकाऱ्यांत उभे राहतात, तरी त्यांतील उदासी मनात घर करते. आकृतींचा एवढा भारदस्त साधेपणा त्या काळच्या भारतीय चित्रकलेत विरळाच. १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीने त्यांच्या ‘थ्री गर्ल्स’ला सुवर्णपदक दिले. लाहोर येथे त्यांचे अकाली निधन झाले.