कोर्टाची पायरी आणि सुप्याची होळी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे म्हणतात. मराठी घरात वाढलेल्या प्रत्येकाने हे कधी ना कधी ऐकलेलं असतं. भावाभावांत वाटणीवरून वाजलं, बिल्डरने ताबा द्यायला उशीर केला, की कोणीतरी काका हे वाक्य टाकतातच. आपण तरुण मंडळी त्यावर हसतो. भित्रेपणा, आळस, अडाणीपणा, जे काय म्हणायचं ते म्हणतो. मला मात्र त्यामागे हिशेब दिसतो. लोकांनी अनुभवातून मांडलेला, चांगला पक्का हिशेब. आणि त्याचा सगळ्यात ठसठशीत पुरावा पुण्याहून गाडीने दोनेक तासांवर आहे, सुप्याला. (पारनेरजवळचं, एमआयडीसीवालं सुपा वेगळं. हे बारामती तालुक्यातलं, शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीतलं सुपे.)

१२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात आजूबाजूच्या गावांतले शेतकरी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. धान्य लुटलं, कापड लुटलं, हे झालंच. पण त्यांना हवं होतं ते वेगळंच. वह्या आणि खतं द्या, म्हणजे कर्जरोखे द्या, अशी त्यांची मागणी होती. मिळाली ती खतं त्यांनी जाळली. मग हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसहून जास्त गावांत पसरलं. सरकारला अठराशे सत्तावन्न आठवलं, पोलीस कमी पडले, लष्कर बोलवावं लागलं. पुणे जिल्ह्यात ५५९ आणि नगरमध्ये ३९२ माणसं पकडली, त्यातल्या एकूण ५०१ जणांना शिक्षा झाल्या. शाळेत आपण हे 'दख्खनचे दंगे' म्हणून दोन मार्कांपुरतं वाचलं आणि सोडून दिलं.

मला यात खिळवून ठेवणारी गोष्ट पुढची आहे. नंतर सरकारने चौकशी आयोग नेमला. त्या आयोगाने नोंदवलं की दंगेखोरांचा हेतू जवळजवळ सगळीकडे एकच होता: खतं, कोर्टाचे हुकूमनामे, हिशेबाचे कागद ताब्यात घ्यायचे आणि नष्ट करायचे. सावकाराने ते मुकाट्याने काढून दिले तर पुढे सहसा काही होत नसे. दार लावून बसला, नाही म्हणाला, तर मात्र मारहाण, जाळपोळ. म्हणजे चिडलेला जमाव, समोर ज्याने आपल्याला लुबाडलं तो माणूस, आणि तरी भांडण कागदाशी! ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना कागदाची ताकद एवढी अचूक कशी कळली?

कोर्टाने शिकवलं त्यांना.

आधीची पद्धत काही आदर्श वगैरे नव्हती. पेशवाईतही सावकार होता, व्याज होतं, आणि तगाद्याचे प्रकार ऐकले तर अंगावर काटा येतो. दारात धरणं धरून बसायचं, कुळाला उन्हात उभं करायचं, डोक्यावर दगड द्यायचा. पण हे सगळं गावात, गावाच्या डोळ्यांदेखत व्हायचं. पंचायतीत बसलेल्यांना माहीत असायचं की कोणाची विहीर कधी आटली, कोणी किती फेडलं. आणि कुळ पार बुडालं तर पुढच्या वर्षी व्याज देणार कोण, हे सावकारालाही कळायचं. दामदुप्पट नावाचा जुना नियमही होता. एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये, शंभराचे फार तर दोनशे.

इंग्रजांनी या गावठी व्यवस्थेच्या जागी दिवाणी कोर्टं आणली. नियम लेखी, न्यायाधीश पगारी, सगळ्यांना कायदा सारखा. कागदावर हे अपग्रेडच होतं. त्यात १८५९ साली मुदतीचा कायदा आला, तोही कुळाच्या भल्यासाठी! कर्जरोखा तीन वर्षंच चालणार, म्हणजे सावकार वर्षानुवर्षं व्याज साठवत बसणार नाही, अशी कल्पना.

झालं काय? तीन वर्षं संपत आली की सावकार कुळाला बोलवायचा आणि नवीन खत लिहून घ्यायचा. जुनं मुद्दल अधिक थकलेलं व्याज, ही बेरीज नव्या खतात 'रोख मिळाले' म्हणून मुद्दल. समजा शंभर रुपये घेतले, महिना दोन टक्के. तीन वर्षांनी १७२. नवं खत १७२ चं. सहा वर्षांनी जवळजवळ २९६. नऊ वर्षांनी ५०९. दामदुप्पट मोडली का? छे! प्रत्येक खत वेगळं, प्रत्येक खताचं मुद्दल वेगळं. नियम शाबूत आणि माणूस खलास. आपल्या धंद्यात असा बग सापडला तर आपण म्हणतो की सिस्टिम स्पेकप्रमाणेच चाललीय, स्पेकच चुकलाय.

कुळाची सही म्हणजे काय, तर खताखाली काढलेली नांगराची खूण. निशाणी नांगर. आत काय लिहिलंय ते लिहिणाऱ्याला माहीत. मधे दिलेल्या पैशांची पावती नाही, पोत्याने घातलेल्या धान्याचा भाव सावकार लावेल तो. मग दावा. तालुक्याच्या कोर्टातून समन्स यायचं. कधी पोचायचं, कधी पोचलं असं लिहिलं जायचं. पोचलं तरी पेरणी सोडून, गाडीभाडं खर्चून, वकील लावून जाणार कोण? आणि जाऊन सांगणार काय? न्यायाधीश विचारणार, खूण तुझी का? हो, माझी. संपलं. बहुसंख्य कुळं जातच नसत, एकतर्फी हुकूमनामा व्हायचा आणि बेलिफ दारात यायचा.

इथे एक गैरसमज टाळायला हवा. ती कोर्टं लाचखाऊ होती म्हणून लोक चिडले, असं नव्हे. खालच्या कारकुनांचे हात ओले होत असतील, पण मूळ दुखणं ते नव्हतं. न्यायाधीश अगदी धुतल्या तांदळासारखा असता तरी निकाल तोच आला असता, कारण त्याला समोरच्या कागदाच्या मागे बघायची परवानगीच नव्हती. गावाला जे सगळं माहीत होतं ते कोर्टाच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हतं. तेव्हा कोर्टाला फक्त कागद दिसतो, हे ज्याला कळलं त्याने कागद जाळला. याला अडाणीपणा म्हणवत नाही मला.

पैशाची निकड मात्र कोर्टाने निर्माण केली नव्हती. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस बंद झाला, इकडे कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकारांनी हात सैल सोडून कर्ज दिलं. युद्ध संपलं, भाव कोसळले, सावकारांनी हात आखडले. नेमक्या त्याच सुमाराला, १८६७ पासून, सरकारने शेतसाऱ्याची फेरआकारणी काढली आणि कित्येक गावांत सारा ५० ते १०० टक्क्यांनी वाढला. तोही रोख, ठरल्या हप्त्याला. सरकारनेच नेमलेल्या आयोगाला साऱ्यापेक्षा सावकार जास्त दोषी वाटला, यात मला काही आश्चर्य वाटत नाही.

ठिणगी पडली ती शिरूर तालुक्यातल्या करडे गावात, डिसेंबर १८७४ मध्ये. काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख या गावच्या बड्या घरातल्या माणसावर हुकूमनामा मिळवला आणि त्याचं घर पाडलं. अगदी कायदेशीर! गावाने त्यावर कायदेशीर काही केलं नाही. त्यांनी फक्त सावकारांशी व्यवहार थांबवला. शेत कसायला कोणी जाईना, न्हावी हजामत करेना, पाणी भरायला माणूस मिळेना. आसपासच्या गावांनीही मग असेच ठराव केले. जी पंचायत कोर्टाने निकालात काढली होती, ती अशी मागच्या दाराने परत आली.

आता दोन गोष्टी, ज्या या कहाणीला गोड होऊ देत नाहीत.

पहिली म्हणजे अफवा. दंग्यांच्या दिवसांत अशी बातमी फिरत होती की कोणा इंग्रज साहेबाने रयतेची दैना पाहून विलायतेला कळवलं आणि मारवाड्यांकडची खतं काढून घ्या असा हुकूम खुद्द राणीने धाडलाय. म्हणजे जवळच्या कोर्टावर काडीचा विश्वास नाही, आणि कधी न पाहिलेल्या राणीवर पूर्ण! ज्याचा अनुभव आला त्यावर अविश्वास, ज्याचा आला नाही त्यावर श्रद्धा.

दुसरी जास्त टोचणारी. मार खाल्ला तो जवळजवळ सगळा मारवाडी आणि गुजर सावकारांनी. ज्या गावांत ब्राह्मण किंवा इतर जातींचे सावकारही तोच धंदा करत होते, तिथेही बहुतेक वेळा त्यांना हात लागला नाही, असं आयोग सांगतो. खत तसंच, व्याज तसंच, कोर्ट तेच. पण बाहेरून आलेला, गावात सोयरेधायरे नसलेला सापडतो आधी. व्यवस्थेबद्दलचा राग खरा असला तरी तो जाऊन पडतो कोणावर, हे वेगळंच गणित ठरवतं. दंग्यांवर लिहिताना आपल्याकडचे लोक हे वाक्य भरकन उरकतात. मला ते उरकू नये असं वाटतं.

आपल्या घरच्यांचा हिशेब कोणीच मांडत नव्हतं का? मांडत होतं, त्याच पुण्यात. सुप्याच्या दोनच वर्षं आधी, २४ सप्टेंबर १८७३ ला, जोतिराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला होता. भटाशिवाय लग्नं लावायला सुरुवात झाली. आणि इथेही कोर्ट आडवं आलंच. गावजोशाची दक्षिणा हा नुसता धार्मिक मान नव्हता, ते वतन होतं, म्हणजे मालमत्ता. दुसऱ्या पुरोहिताकडून विधी करून घेतला तरी वतनदार जोशी आपली फी दावा लावून मागू शकतो, असं मुंबई हायकोर्टाने १८७० च्या दशकात मान्य केलं होतं. म्हणजे ज्याच्यावर विश्वास उरला नाही त्याचेही पैसे द्या. हा हक्क कायद्याने मोडीत निघायला १९२६ साल उजाडलं. फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये भटजी आणि सरकारी कचेरीतला कारकून हे एकाच साखळीचे दुवे म्हणून दाखवलेत. पुण्याच्या शिकलेल्या मंडळींची सार्वजनिक सभाही त्यांना रयतेची वाटत नव्हती. त्याच सभेच्या सार्वजनिक काकांनी, म्हणजे गणेश वासुदेव जोशींनी, सरकारी कोर्टाला पर्याय म्हणून लवाद कोर्टं काढली होती, हेही इथे सांगायला हवं. त्यांनाही कोर्टाचा वीट आला होताच.

सरकारने शेवटी काय केलं? १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा केला, डेक्कन अ‍ॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अ‍ॅक्ट. न्यायाधीशाने नुसतं खत बघायचं नाही, पार सुरुवातीपासून व्यवहार काय झाला ते खणून काढायचं. कर्जापायी शेतकऱ्याला कैद नाही. दाव्याआधी समेटाचा प्रयत्न. शेतकऱ्याचं खत गावच्या निबंधकासमोरच लिहायचं. न्यायमूर्ती रानड्यांनी काही वर्षं याच कायद्याखाली खास न्यायाधीश म्हणून काम केलं. बारकाईने बघा, हा कायदा म्हणजे सुप्याच्या बाजारात जमलेल्या लोकांचं म्हणणं सरकारी भाषेत लिहून काढलेलं आहे. मधल्या काळात ५०१ जण शिक्षा भोगून आले, तेवढंच.

आणि सावकार? त्याने कायदा वाचला. कर्जरोख्याच्या मागे बघायचा अधिकार न्यायाधीशाला मिळाला ना, मग कर्जरोखा लिहायचाच कशाला? त्याने सरळ खरेदीखत लिहून घ्यायला सुरुवात केली. जमीन विकली, पैसे मिळाले, खाली निशाणी नांगर. पैसे फेडलेस की जमीन परत देईन, हे फक्त तोंडी. ही पळवाट बुजवायला पुढे त्या कायद्यात दुरुस्ती करावी लागली. तोवर किती नांगरांची जमीन गेली, ते कुठल्याच खतात लिहिलेलं नाही.